रोजकीर्द, खतावणी आणि ताळा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात अंबरनाथ येथे केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने यंदाच्या संमेलनात मजकडून भाषण मागितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी विद्वान नव्हे. वक्ता तर नव्हेच. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, जिला आपण सारे एमआयडीसी म्हणूनच ओळखतो, माझे थोरले बंधू व मी यंत्रांचे सुटे भाग कातून देण्याचा एक लहानसा कारखाना गेली तीस वर्षे चालवीत आहोत. ज्याचा सारा संबंध लोखंड आणि पितळ ह्यांच्याशी, त्याने सभेपुढे काय बोलावे? परंतु चिटणीसांनी विषयच असा सुचविला की, नाही म्हणणे जमले नाही. मंडळाच्या कचेरीसाठी नवा संगणक घ्यावयाचा आहे. त्यात जुन्या स्मरणिकांची छायाचित्रे, शिष्यवृत्ती-निधीचे हिशेब, वधूवर-नोंदणीची पुस्तके आणि घराण्यांच्या वंशावळी ठेवावयाच्या आहेत. तो लिनक्सवर चालणार आणि त्यात सॉलिड स्टेट ड्राइव्ह असणार, एवढे ठरले आहे. त्या ड्राइव्हवर फाइल सिस्टिम कोणती घालावी, एवढाच प्रश्न राहिला आहे. गेल्या बैठकीत ह्या प्रश्नावर तरुण सभासदांत बराच वाद झाला आणि वयस्कर सभासद एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. त्या वयस्करांपैकीच मी एक. पण ह्या प्रश्नाने मला एकदा फार महाग शिक्षण दिले आहे. ते आपणांपुढे मांडावे, ह्या हेतूने मी उभा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. संगणकाचा ड्राइव्ह म्हणजे एकसारख्या कोट्यवधी खणांची एक लांबच लांब मांडणी. कोणत्या खणात पत्र आहे, कोणत्यात छायाचित्र आणि कोणता रिकामा, हे त्या खणांना ठाऊक नसते. ते ठेवणारी जी व्यवस्था, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. कारखान्याच्या कोठीत माल किती का असेना, कोठीवाल्याची नोंद चुकली की तो माल असून नसल्यासारखा होतो. तद्वत् संगणकाचे आहे. लिनक्स घालताना हा कोठीवाला निवडण्याचा प्रश्न एकदाच, दोन-चार शब्दांत विचारला जातो, आणि शंभरातले बहुतेक जण जे पुढे दिसेल त्यालाच होकार देऊन पुढे जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. नव्या विंडोजच्या अटींत न बसणारे, पण अन्यथा धडधाकट असे संगणक घरोघरी आणि कारखान्यांतून आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांवर आता लिनक्स घातले जात आहे. म्हणजे ज्या प्रश्नाला आपण न वाचताच होकार देतो, तो आज आपल्यांतील अनेक कुटुंबांपुढे येऊन ठेपला आहे.

आता माझी हकीकत सांगतो. २०१९ च्या जुलै महिन्याचा शेवटचा आठवडा बदलापूर-वांगणीकडील कुटुंबे विसरणार नाहीत. २६ जुलैच्या रात्री उल्हास नदी फुगली, आणि दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान पाण्यात अडकून पडली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. आमच्या कारखान्यात पाणी शिरले नाही. पण वीज जाई, येई, पुन्हा जाई. कचेरीतील संगणकाला यूपीएस होता, परंतु त्याची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती, आणि ती बदलण्याचा खर्च मीच दोन वर्षे पुढे ढकलीत आलो होतो. संगणकातील ड्राइव्हही मीच स्वस्तात स्वस्त पाहून घेतलेला. पाऊस ओसरल्यावर संगणक सुरू केला. पडद्यावर चार ओळी सरकल्या आणि तो पूर्ववत् चालू लागला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

नोव्हेंबरात एका जुन्या गिऱ्हाइकाने सहा वर्षांपूर्वी करून दिलेल्या एका भागाची पुन्हा मागणी केली. त्या भागाचे आरेखन उघडू गेलो, तो ते उघडेना. नाव जागच्या जागी, तारीख जुनीच, आकारही पूर्वीइतकाच. पण आत नुसती शून्ये. आमची साप्ताहिक सुटी शुक्रवारची. दर गुरुवारी काम संपताना आम्ही बाहेरच्या डिस्कवर नक्कल घेत असू. ती काढली, तर तीतही तीच पोकळ फाइल. कारण मागल्या आठवड्याची नक्कल पुसून नवी घालावयाची, ही आमची पद्धत. चार महिन्यांत ती बिघडलेली प्रत आम्ही पंधरा-सोळा वेळा इमानाने उतरवून घेतली होती.

कचेरीत संगणकाचे काम पाहणारा एक तरुण होता, बदलापूरहून येई, पाच वर्षे नोकरीत होता. तो दुसरीकडे काम शोधत असल्याचे त्याच सुमारास माझ्या कानावर आले होते. मी मनाशी एक हिशेब मांडला आणि तो पडताळून न पाहताच खरा धरला. कामगारांच्या देखत मी त्याला विचारले, “आरेखन कोणाला दिलेस?” तो म्हणाला, “साहेब, त्या फाइलीला मी हातही लावलेला नाही.” मी म्हणालो, “मग ती आपोआप रिकामी झाली काय?” त्यावर तो काहीच बोलला नाही. महिनाअखेर पगाराचा हिशेब घेऊन तो गेला. मूळ कागदी आरेखन दादांच्या लोखंडी कपाटात सापडले, मागणी पुरी झाली, आणि माझ्यापुरते प्रकरण मिटले.

२०२० ची टाळेबंदी उठून कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर माझ्या भाच्याने तो संगणक तपासला. त्याला आणखी अकरा फाइली तशाच पोकळ आढळल्या. त्यांपैकी काही त्या तरुणाच्या नेमणुकीपूर्वीच्या, कोणालाच उपयोग नसलेल्या. दोन तर कारखान्याच्या पूजेची छायाचित्रे. पूजेची छायाचित्रे कोण चोरणार? अवचित वीज किती वेळा तुटली, ह्याची मोजदाद अशा ड्राइव्हच्या पोटात होत असते. तो आकडाही त्याने मला दाखविला आणि म्हणाला, “मामा, हे माणसाचे काम नव्हे, ड्राइव्हचे आहे.” त्या शुक्रवारी मी बदलापूरला त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. मी क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, “साहेब, तेव्हाच आणखी दोन जुन्या फाइली उघडून पाहिल्या असत्या, तर कळले असते.” ह्यावर मला उत्तर नव्हते, आजही नाही. तो आमच्याकडे परत आला नाही. स्टेशनवर भेटला की नमस्कार करतो.

सज्जनहो, ही खाजगी गोष्ट मी सभेत सांगितली, कारण फाइल सिस्टिमच्या निवडीचा खरा प्रश्न तिच्यात आहे. वेगाच्या गोष्टी पुष्कळ ऐकू येतात. कचेरीच्या कामात एका व्यवस्थेचा वेग दुसरीहून किंचित कमी की अधिक, हे आपणांस कळणारही नाही. विचारावयाचा प्रश्न असा : आपण लिहून ठेवलेले बिघडले, तर ही व्यवस्था आपणांस ते सांगेल काय?

ह्यासाठी सॉलिड स्टेट ड्राइव्हचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर लिहिले जाई, आणि लिहिलेल्यावर तेथल्या तेथे पुन्हा लिहिता येई. ह्या नव्या ड्राइव्हमध्ये फिरणारे काही नाही. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्यांच्या संशोधनातून निघालेल्या फ्लॅश स्मृतीच्या चकत्या त्यात असतात. त्यांचा स्वभाव शाळेतील पाटीसारखा आहे, पण एका विचित्र पाटीसारखा : लिहावयाचे ओळीओळीने, पुसावयाची मात्र सबंध पाटी एकदम. शिवाय प्रत्येक पुसण्याने पाटी झिजते. आजच्या साधारण ड्राइव्हमधील पाटी हजार-तीन हजार वेळा पुसली की तिचे आयुष्य संपत येते. म्हणून ड्राइव्हच्या पोटात एक छोटासा कारकून बसविलेला असतो. एकाच पाटीवर भार पडू नये म्हणून तो मजकूर सतत इकडून तिकडे हलवितो आणि कोणता मजकूर कोठे आहे ह्याची आपली वेगळी यादी ठेवतो. आपण काहीही लिहीत नसताना त्याची ही हलवाहलव चालू असते. ऐन त्या वेळी वीज तुटली, तर जुना, कधीच लिहून झालेला मजकूरसुद्धा दगावू शकतो. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी १५ ड्राइव्ह घेऊन त्यांची वीज मुद्दाम पुनःपुन्हा तोडून पाहिली. त्यांपैकी १३ ड्राइव्हांत काही ना काही दोष उत्पन्न झाले. महागड्या, मोठ्या कामासाठी बनविलेल्या ड्राइव्हमध्ये वीज तुटल्यावरही क्षणभर पुरेल एवढी शक्ती साठवून ठेवणारे कपॅसिटर असतात. घरगुती ड्राइव्हमध्ये ते बहुधा नसतात.

आता कोठीवाल्यांकडे वळू. आपल्यांतील ज्या वडीलधाऱ्यांनी जुन्या पद्धतीने हिशेब लिहिले असतील, त्यांना हे चटकन उमजेल. दुकानात रोजकीर्द असते आणि खतावणी असते. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत टिपावयाचा, मग सवडीने खतावणीत उतरवावयाचा. खतावणी लिहिता लिहिता दिवा गेला, तरी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येते. लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने ते लिहिले, तेव्हा त्याने मिनिक्स नामक दुसऱ्या प्रणालीची साठवण-व्यवस्था उसनी घेतली होती. तीत फाइलीचे नाव चौदा अक्षरांहून मोठे चालत नसे आणि डिस्क ६४ मेगाबाइटांपलीकडे जात नसे. १९९२ मध्ये रेमी कार्ड ह्यांनी पहिली स्वतंत्र व्यवस्था रचली. १९९३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तीत खतावणी होती, रोजकीर्द नव्हती. वीज गेली की सारी डिस्क आरंभापासून तपासावी लागे. २००१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीने रोजकीर्द आणली, आणि २००८ च्या अखेरीस चौथी आवृत्ती सिद्ध झाली. हीच ती ईएक्सटी-४. डेबियन आणि उबुंटू घालताना आपण न वाचता होकार दिला, तर जी मिळते ती बहुधा हीच. आमच्या कारखान्यातही हीच होती.

पूर आल्या आठवड्यात पडद्यावर ज्या चार ओळी सरकल्या, ती ईएक्सटी-४ आपली रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करीत होती. तिने आपले काम चोख केले. तिला दोष देणे अन्याय होईल. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही रोजकीर्द सामान्यतः फाइलींच्या नोंदींची असते. फाइलींच्या आतील मजकुराची नसते. नाव, तारीख, आकार, कोणते खण, हे सारे ती सांभाळते, आणि नव्या आवृत्तीत ह्या नोंदींचा ताळाही ठेवते. परंतु खणातील मजकूर बदलला, तर तिला कळण्याचा मार्ग नाही. कोठीवाला पोत्यांची मोजणी बिनचूक ठेवतो. पोत्यातले धान्य किडले काय, हे पाहणे त्याच्या कामातच नाही. म्हणून आमच्या फाइलींची नावे, तारखा आणि आकार शाबूत राहिले आणि आतील ऐवज गेला.

ताळा हा शब्द मी वापरला. गुणाकार केल्यावर तो बरोबर आला की नाही, हे पाहण्यासाठी लहानपणी गुरुजी आपणांस ताळा करावयास लावीत. सारी आकडेमोड पुन्हा न करता, अंकांची बेरीज घेऊन चूक पकडण्याची ती युक्ती. बीटीआरएफएस नावाची जी व्यवस्था आहे, ती प्रत्येक खणातील मजकुराचा असा ताळा लिहितेवेळीच काढून वेगळा ठेवते, आणि वाचतेवेळी पुन्हा काढून पाहते. दोन्ही जुळले नाहीत, तर ती तो मजकूर देण्याचेच नाकारते आणि तशी नोंद करते. ड्राइव्ह एकच असेल, तर बिघडलेला मजकूर ती दुरुस्त करू शकत नाही; पण खोटा मजकूर खरा म्हणून आपल्या हाती देत नाही. दोन ड्राइव्ह लावून त्यांवर प्रत्येक गोष्ट दोनदा ठेवण्याची आज्ञा तिला दिली असेल, तर ज्या ड्राइव्हवरील ताळा जुळतो तेथून घेऊन ती दुसऱ्यावरील बिघाड सुधारते. तिचा दुसरा विशेष असा की, ती लिहिलेल्यावर पुन्हा लिहीत नाही. चांगला हिशेबनीस जसा खाडाखोड न करता नवी ओळ लिहून जुनीचा हवाला देतो, तसा तिचा रिवाज आहे. त्यामुळे कालची स्थिती जशीच्या तशी राखून ठेवणे तिला सोपे जाते. चुकून काही पुसले गेले, तर कालच्या पानावर जाऊन ते आणता येते, मात्र ते पान राखण्याची आज्ञा आधी दिलेली असली पाहिजे.

ही व्यवस्था ख्रिस मेसन ह्यांनी ओरॅकल कंपनीत असताना २००७ मध्ये सुरू केली, आणि २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली. फेडोराने २०२० मध्ये आपल्या घरगुती आवृत्तीसाठी तीच निवडली. तिच्यात उणिवा नाहीत काय? आहेत, आणि त्या झाकून ठेवणे योग्य नाही. ड्राइव्ह काठोकाठ भरला की ती अडचणीत येते, म्हणून काही भाग नेहमी मोकळा ठेवावा लागतो. ज्या फाइलीत मधूनमधून सारखे फेरफार होतात, जसे मोठ्या डेटाबेसची फाइल, तेथे खाडाखोड न करण्याचा तिचा रिवाज महाग पडतो. आणि ती मोडलीच, तर दुरुस्तीची हत्यारे जपून, जाणकारानेच चालवावयाची आहेत. ईएक्सटी-४ ची डागडुजी त्या मानाने सोपी आणि पुष्कळांच्या परिचयाची आहे.

आणखी तीन नावे बैठकीत निघाली होती, ती थोडक्यात सांगतो. एक्सएफएस ही सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९० च्या दशकात रचलेली आणि २००१ मध्ये लिनक्सवर आलेली. मोठमोठ्या फाइलींना ती उत्तम. रेड हॅट ह्या प्रख्यात कंपनीने २०१४ पासून आपल्या सर्व्हरसाठी तीच मुख्य ठेवली आहे. परंतु मजकुराचा ताळा तीही ठेवीत नाही, आणि एकदा मोठी केलेली जागा पुन्हा लहान करणे तिच्यात व्यवहारतः होत नाही. एफटूएफएस ही सॅमसंगने फ्लॅश स्मृतीचा स्वभाव पाहूनच घडविली, आणि २०१३ मध्ये ती लिनक्समध्ये आली. नाव ऐकून पुष्कळांना वाटते की, सॉलिड स्टेट ड्राइव्हला हीच योग्य. परंतु तिचे खरे क्षेत्र मोबाइल फोन आणि लहान कार्डे हे आहे. आपल्या ड्राइव्हच्या पोटात जो कारकून आहे, तो तेच काम आधीच करीत असतो. झेडएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्सची. ताळ्याच्या बाबतीत ती बीटीआरएफएसची वडील बहीण शोभावी अशी. पण तिच्या परवान्यामुळे ती लिनक्सच्या गाभ्यात येऊ शकलेली नाही, आणि प्रत्येक सुधारणेच्या वेळी ती बाहेरून जोडून घ्यावी लागते. जेथे जाणता मनुष्य रोज हजर असतो, तेथे ती अवश्य असावी.

चौथे नाव बैठकीत निघाले नाही, पण ते बोधप्रद आहे. रायझरएफएस ही व्यवस्था २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. एके काळी तिची मोठी वाहवा होती. पुढे तिची देखभाल करणारे उरले नाहीत, आणि जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. वंशावळी आणि निधीचे हिशेब पन्नास वर्षे राहावेत अशी ज्यांची इच्छा, त्यांनी आज कोणाची वाहवा आहे एवढेच न पाहता, पुष्कळ हातांनी सांभाळलेली व्यवस्था निवडावी. ईएक्सटी-४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस ह्या तिन्ही आज तशा आहेत.

एका भीतीचे निरसन करणे अवश्य आहे. रोजकीर्द लिहिण्याने ड्राइव्ह झिजेल, म्हणून ती बंदच करावी, असे सांगणारे भेटतात. हिशेब करून पाहा. एक टेराबाइटाच्या साधारण ड्राइव्हवर सुमारे ६०० टेराबाइट लेखनाची हमी असते. आपल्या कचेरीत रोज २० गिगाबाइट लिहिले, जे होणे नाही, तरी वर्षाला सव्वासात टेराबाइट होतील, आणि हमी संपावयास ऐंशी वर्षे लागतील. म्हणजे रोजकीर्द लिहिल्याने ड्राइव्ह मरावयाचा नाही. ती नसताना वीज गेली, तर मात्र आपले नुकसान होईल. ड्राइव्हच्या आरोग्यासाठी एकच साधी गोष्ट पाहावी : पुसलेले खण मोकळे झाले आहेत, हे आतील कारकुनाला आठवड्यातून एकदा कळविले जावे. बहुतेक लिनक्समध्ये हे आपोआप होते. होते की नाही, एवढे एकदा तपासावे. मात्र त्याचा एक परिणाम ओळखून असावे. हार्ड डिस्कवरील पुसलेली फाइल पुष्कळदा जाणकार परत काढून देत; ह्या ड्राइव्हवर असे कळविल्यानंतर ती बहुधा कायमची जाते.

आता माझे मत. ज्या घरी मुले अभ्यास करतात, पत्रव्यवहार होतो, चित्रे पाहिली जातात, आणि संगणकाकडे विशेष लक्ष देणारे कोणी नाही, तेथे ईएक्सटी-४ च असू द्यावी. न वाचता दिलेला होकार तेथे चुकीचा ठरत नाही. जेथे वर्षानुवर्षे न उघडता पडून राहणारी, पण गरज पडेल त्या दिवशी शाबूत हवीच अशी कागदपत्रे आहेत, तेथे मात्र ताळा ठेवणारी व्यवस्था हवी. आमच्या कारखान्यात आता दोन ड्राइव्हांवर बीटीआरएफएस आहे, आणि महिन्यातून एका शुक्रवारी, यंत्रे बंद असताना, ती सारे खण वाचून ताळे पडताळते. मंडळाच्या कचेरीसाठीही मी हेच सुचवीन. कोणी म्हणेल, ही देखभाल आम्हांस झेपणार नाही. त्यांच्यासाठीही मार्ग आहे. ईएक्सटी-४ ठेवावी, आणि प्रत्येक फाइलीचा ताळा काढून देणारी शा-२५६ ही जी सोय लिनक्ससोबत फुकट मिळते, तिने एक यादी करून ठेवावी. दर तीन महिन्यांनी ती यादी पडताळावी. काम तेच, फक्त ते यंत्राऐवजी आपण आठवणीने करावयाचे. आमच्याकडे अशी यादी असती, तर ऑगस्टातच आम्हांस सारे कळले असते.

परंतु हे ध्यानात असू द्यावे की, ताळा चूक दाखवितो. गेलेला मजकूर परत आणीत नाही. तो दुसऱ्या प्रतीतूनच यावयाचा. म्हणून तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. कपाटात ठेवावयाच्या प्रतीसाठी हार्ड डिस्क घ्यावी. झिजलेला सॉलिड स्टेट ड्राइव्ह विजेवाचून वर्षभर ठेवला, तर त्यातील मजकुराचा भरवसा राहत नाही. बाहेरच्या डिस्क दोन असाव्यात आणि त्या आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे बिघडलेली प्रत एकदम दोन्ही ठिकाणी उतरणार नाही. नवी नक्कल घेण्याआधी ताळा पडताळावा. एक डिस्क कचेरीत आणि दुसरी बदलापूरच्या एखाद्या सभासदाकडे ठेवण्याचे ठरले, तर ती तळमजल्यावर ठेवू नये, हे बदलापूरकरांना मी सांगावयास नको. आणि यूपीएसची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी. हा खर्च पुढे ढकलणारा मनुष्य आपल्यापुढेच उभा आहे.

आपण ज्या गावी जमलो आहोत, तेथील शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहारांच्या काळी दगडावर कोरलेली ती अक्षरे कित्येक शतकांनंतरही विद्वानांनी वाचली. दगडाला ना वीज लागते, ना कोठीवाला. आपल्या पिढीने आपले लेख अशा पाटीवर ठेवावयाचे ठरविले आहे, जी वेगवान आहे, स्वस्त आहे, आणि काही न सांगता पुसली जाऊ शकते. तसे ठरविले, त्यात गैर काही नाही. परंतु मग राखणीचे जे काम दगड आपण होऊन करीत असे, ते आपणांस करावे लागेल.

शिष्यवृत्ती-निधीच्या हिशेबात उद्या एखादी नोंद सापडली नाही, तर कचेरीत बसून विनावेतन काम करणाऱ्या आपल्याच एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे आपण प्रथम पाहू. मनुष्यस्वभावच तसा आहे. ती वेळ येऊ नये, आणि आलीच तर बोट दाखविण्यापूर्वी पडताळून पाहण्याचे साधन आपल्या हाती असावे, एवढ्यासाठी मी ताळ्याचा आग्रह धरला. निर्णय अर्थातच कार्यकारी मंडळाचा आहे.